पाण्याशी अबोला

३ जानेवारी, शनिवार

ही डायरी रेवतीने दिली. तिच्या औषधाच्या कंपनीत कुणी पावडरवाल्याने सगळ्यांना वाटल्या होत्या. म्हणाली, "आजी, दिवसभर फोन करून मला जे सांगतेस ना, ते यात लिही. मी मीटिंगमध्ये असते यार." आजीला यार म्हणते. दिल्लीत वाढलेली पोर, चालायचंच.

मी शिकले चौथीपर्यंत. अक्षर मात्र मास्तर सगळ्यांना दाखवायचे. हे म्हणाले, "कुमुद, तू लिहायला लागलीस तर कंपनीला कागद पुरायचा नाही." हे म्हणजे पद्माकर. लिहायला हरकत नाही, तोंडाने अजून नाव घेतलेलं नाही. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात आमचा जन्म गेला, आता नोएडात चौदाव्या मजल्यावर. सून देविका टीव्हीच्या ऑफिसात जाते ती रात्रीच उगवते. नात रेवती. बस, एवढीच माणसं.

आणि जयंत. माझा मुलगा, रेवतीचा बाबा. तो करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. पण येतो. त्याचं पुढे लिहीन, कुकर झाला.

६ जानेवारी

धुकं एवढं की समोरची इमारत नाही. नाहीच, कुणी पुसून टाकल्यासारखी.

रेवतीचं काम काय ते काल विचारून घेतलं. खाली बाकावरच्या बायका विचारतात, मला सांगता यायला हवं. तिने पेल्यात पाणी घेतलं आणि चिमूटभर पांढरी भुकटी टाकली. भुकटी वर तरंगत राहिली. ढवळली, तरी पेल्याला चिकटून बसली.

"बघ. हे औषध पाण्यात विरघळत नाही. पोटात जातं आणि जसंच्या तसं बाहेर. रक्तात उतरतच नाही."

"म्हणजे पाण्याशी अबोला," मी म्हटलं.

ती हसली. म्हणाली, अशी पुष्कळ औषधं असतात. रोगावर जालीम, पण विरघळायचं नाव नाही. मग ही मंडळी काय करतात, तर औषधाचे बारीक खडे मोडतात, डिंकासारख्या कशात तरी ते मुरवतात आणि गरम हवेत फवारून कोरडी भुकटी करतात. डिंक त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही. मग ते पाण्यात उतरतं. पुढे ती भुकटी एका कपाटात महिनोन् महिने ठेवायची. आत पावसाळ्यातल्या कोकणासारखी दमट हवा. तिथे पुन्हा खडे धरले की मुसळ केरात. दोनदा धरलेत म्हणाली.

आमच्या घराण्यात एवढी हुशार कोणी झाली नाही. मी तिची दृष्ट काढते. हे म्हणतात, त्या मिरच्या तुझ्या नातीच्या नाकात जातात आणि ठसका मला लागतो.

ठसक्यावरून आठवलं, यांचा खोकला. तरुणपणी यांना क्षय झाला होता. तो बरा झाला, पण छातीत पोकळी राहिली आणि आता म्हातारपणी तिच्यात बुरशी धरली आहे. भाकरीला धरते तशी. थुंकीतून रक्त आलं तेव्हा कळलं. डॉक्टरने बुरशीच्या कॅप्सूल दिल्यात, जेवणाबरोबर घ्यायच्या. त्या रेवतीच्या औषधाच्याच गोतातल्या. हा योग म्हणायचा.

८ जानेवारी

आज जयंत आला होता.

तो येतो दुपारी. हे झोपलेले असतात, मी गहू नाहीतर तांदूळ निवडत बसते. आधी वास येतो, तूप कढवल्याचा. बेरी लालसर व्हायला लागते ना, तेव्हाचा. गॅस बंद असतो. तो गेल्यापासून मी या घरात तूप कढवलेलंच नाही. देविका तुपाचा डबा विकत आणते, तो तिच्या आणि रेवतीच्या पोळीला. तरी वास येतो, आणि मला कळतं, आला.

दिसत नाही, खोटं कशाला लिहू. खुर्ची जरा सरकल्यासारखी वाटते. मी बोलत राहते. रेवतीचं सांगते, यांचा खोकला सांगते. बरं वाटतं मला. बाकावरच्या चेतनाबाई म्हणाल्या, भीती नाही वाटत का? मी म्हटलं, पोटच्या पोराची कसली भीती. त्यांचा अमेरिकेतला मुलगा तर फोनसुद्धा करत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

आज यांना डॉक्टरकडे नेलं. रक्तात औषध किती उतरलं ते तपासतात म्हणे. डॉक्टर म्हणाला, "दवा खून में पहुँच ही नहीं रही, माताजी."

रेवतीने कागद दोनदा वाचला. गाडीत मला विचारलं, "आजी, कॅप्सूल पोटभर जेवणाबरोबरच देतेस ना?"

"म्हणजे काय. ताट वाढते, दोन घास झाले की कॅप्सूल, मग उरलेलं जेवण. एक शीत मागे ठेवू देत नाही."

"हो गं रेवती," हे मागून म्हणाले, "जेलर बरा असं जेवण होतं."

डॉक्टरने कॅप्सूल वाढवल्या.

१४ जानेवारी, संक्रांत

रेवतीची मैत्रीण निधी आली होती. तिच्याच लॅबमधली, गोरीपान, बडबडी. तिळगूळ दिला. यांनी हात पुढे केला, मी डबा मागे घेतला. तीळ तेलकट, खोकला खवळतो.

"अर्धा," हे म्हणाले. "अर्धा लाडू मंजूर करावा. वयाचा विचार व्हावा."

"अर्ज नामंजूर."

"वरच्या साहेबांकडे अपील करता येईल का?"

"वर तुमच्या आईच आहेत. त्यांचाच नियम आहे."

निधीला मराठी कळत नाही, तरी हसली. मला म्हणाली, "दादी, आपकी पोती मशीन के सामने बैठकर दवाई से बातें करती है. घुल जा, घुल जा." मग म्हणाली की नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी रेवतीला विचारलं होतं, एवढी औषधं आहेत, तुला बुरशीचंच का हवं? तर रेवतीचे डोळेच भरून आले. तरी नोकरीवर घेतली.

रेवती आत चहा गाळत होती. बाहेर येऊन म्हणाली, "निधी, चलो, बस कर."

मला मेलीला किती अभिमान वाटला. बापाचं तिने मनात धरलंय. जयंतालाही बुरशीनेच नेलं, करोनानंतर नाकातून डोळ्याकडे गेलेली काळी बुरशी. मी बाकावर सगळ्यांना सांगितलं.

२१ जानेवारी

आज वास फार वेळ होता. सगळ्या खिडक्या बंद, हवा वाईट म्हणून. वास खोलीतून हलेना. हे झोपेत कण्हले आणि म्हणाले, "कुमुद, तूप करपतंय." जागे झाल्यावर विचारलं तर म्हणाले, मी कुठे काय बोललो.

यांनाही येतो म्हणजे.

जयंताच्या आजारपणाचं लिहायचं नव्हतं, पण तोच विषय मनात आहे. तेव्हा देविका स्वतः दवाखान्यात होती, रेवती पुण्याला फार्मसीच्या कॉलेजात अडकलेली, हे वेगळ्या खोलीत. जयंता दवाखान्यातून घरी आला तो माझ्या एकटीच्या हाती. त्याचं सगळं मी केलं. तोंड पुसणं, डोळा धुणं, भरवणं. सासूबाई सांगून गेल्या होत्या, खोकल्याच्या माणसाला तूप म्हणजे विस्तवाला तूप. त्यांनी याच पथ्यावर यांचा क्षय उठवला, असं त्या मरेपर्यंत सांगत. मऊ भात, मुगाचं पाणी, भाताची पेज. तूप नाही, तेल नाही, दूध नाही. जयंता ताट सरकवायचा. "आई, चमचाभर तूप तरी." मी म्हणायची, बरा हो, मग वाटीभर देते. शेवटपर्यंत पथ्य मोडलं नाही मी. डोळ्यांत पाणी यायचं, पण मोडलं नाही. आईच करू जाणे.

म्हणून तर तो वास घेऊन येतो. मी म्हणते, ये बाबा, आता हवं तेवढं खा.

३० जानेवारी, शुक्रवार

चांगलं नाही. कॅप्सूल वाढवूनही रक्तात औषध नाही म्हणतो डॉक्टर. यांचं वजन उतरलंय, शर्टाची कॉलर मानेभोवती फिरते. परवा पुन्हा रक्त पडलं, रुमाल लपवत होते. डॉक्टरने सांगितलं, येत्या महिन्यात औषध चढलं नाही तर भरती करावं लागेल, शिरेतून देऊ, पण या वयात मूत्रपिंड टिकेल की नाही सांगता येत नाही.

रेवतीने आमच्या पाकिटातल्या कॅप्सूल लॅबमध्ये नेऊन तपासल्या. नकली निघतील असं तिला वाटलं होतं. खऱ्या निघाल्या. "कॅप्सूल चांगली आहे, आजी. मग जातं कुठे?" असं मलाच विचारत होती. मी काय सांगणार.

ॲसिडिटीची गोळी कोणी देतं का, विचारलं. नाही. चहाबरोबर? नाही. "जेवणाबरोबरच ना?" पुन्हा तेच. मला जरा राग आला. मी म्हटलं, तुझ्या बापाचं मी केलं, तुझ्या आजोबांचं मला जमत नाही का?

देवापुढे बसले. हात जोडले आणि लक्षात आलं की मी देवाला नाही, जयंताला सांगतेय, यांना इतक्यात नेऊ नकोस रे.

७ फेब्रुवारी, शनिवार

रेवती आज अर्ध्या दिवसाने घरी आली. एरवी शनिवारीही लॅब असते तिची, दुपारचं आमचं जेवण ती बघतच नाही, रात्री ती यायच्या आत यांचं उरकलेलं असतं आणि रविवारी ती उशिरा उठते. मी यांना वाढलं होतं. कॅप्सूल झाली होती. ती बूट काढता काढता ताटाकडे बघत राहिली.

"आबांना हे काय वाढलंयस?"

"जेवण."

"वरण कुठेय? तूप?"

"हे मुगाचं पाणी आहे की. आणि खोकल्याला तूप? शिकलेली ना तू?"

"आजी, कधीपासून?"

"दुखणं आल्यापासून. दोन्ही वेळा. पथ्य म्हणजे पथ्य."

ती खाली बसली, एकच बूट काढलेला. यांच्याकडे बघून म्हणाली, "आबा, तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"बोललो की. अपील फेटाळलं."

मग तिने मला समजावलं, अगदी सावकाश, लहान मुलीला सांगावं तसं. हे औषध पाण्यात उतरत नाही, ते मी स्वतः पेल्यात बघितलंय. पण तुपातेलात उतरतं. जेवणात स्निग्ध असलं की पोट पित्त सोडतं, त्यात ते विरघळतं आणि मग रक्तात जातं. पेजेबरोबर दिलं तर पाण्याबरोबर दिल्यासारखंच. "डॉक्टर जेवणाबरोबर म्हणाला, तेव्हा त्याला भरलेलं जेवण म्हणायचं होतं गं. पंजाबी जेवण म्हण हवं तर. मला वाटलं, आपल्या घरात तुपाला काय तोटा. मीच मूर्ख. मी एकदाही नीट विचारलं नाही."

मी म्हटलं, "अगं पण मी चुकीचं काय केलं? जयंताला पण मी असंच..."

ती उठली आणि बाथरूममध्ये गेली. नळ किती वेळ चालू होता. एक पाय बुटात, एक उघडा. मी बाहेरून म्हटलं, पाणी वाया जातंय गं. बाहेर आली तेव्हा चेहरा धुतलेला होता. म्हणाली, "आजपासून दोन चमचे तूप. दोन्ही वेळा."

पोरीला आजोबांचा किती लळा.

९ फेब्रुवारी

सासूबाईंच्या फोटोकडे पाठ करून पहिला चमचा वाढला. यांनी भात कालवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आई वारली त्याला किती वर्षं झाली, पण राज्य आज गेलं."

डब्यातलं तूप कसलं, मेण. मी दूधवाल्याकडून साय वाढवून घेतली, लोणी काढलं आणि आज घरात तूप कढवलं. चार वर्षं उलटून गेली होती. बेरी लाल झाली, ती साखर घालून यांना दिली. चेटूक केल्यासारखं वाटलं मला, आपल्या हाताने तोच वास.

रेवती दारात उभी राहून बघत होती. आत आली नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

औषध चढलं. चढलं म्हणजे हवं तेवढं. डॉक्टर म्हणाला, "माताजी, क्या जादू किया?" मी म्हटलं, "घी." तो हसला, मीही हसले. भरती टळली. आठवडाभर रक्त नाही. काल हे स्वतः उठून खाली गेले आणि समोरच्या इमारतीतल्या माळ्याला झाडं कापण्यावरून बोलून आले. म्हणजे बरे होताहेत.

मी बाकावर पेढे वाटले. स्वानंदी म्हणून एक मुलगी आहे, तिच्या सासऱ्यालाही खोकला. तिला म्हटलं, आधी डॉक्टरला विचार, पण तूप देऊन बघ. माझ्या नातीने सांगितलंय म्हणावं.

रेवती मात्र कागद हातात घेऊन रडली. मी म्हटलं, वेडे, वाईट आलं असतं तर रडायचं. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "आजी, बाबाच्या वेळी काही फरक पडला नसता."

मी काही विचारलं नव्हतं.

२८ फेब्रुवारी

ती असं का म्हणाली?

६ मार्च

रोज तूप. डब्यात तूप, कढईला तूप, पडद्यांना वास, माझ्या पदराला वास. दुपारी मी तांदूळ निवडत बसते आणि कळतच नाही. आला की नाही. आधी वास यायचा म्हणजे तोच. आता घरभर खरंच वास असतो. खुर्चीकडे बघते. "जयंता," म्हटलं एकदा. हे आतून "काय गं" म्हणाले.

यांचे गाल भरले आहेत. चालताना मागून हुबेहूब जयंता दिसतात, बरा असतानाचा. रोज थोडे जास्त दिसतात. मला आनंदच आहे. पण काल हे पाठमोरे उभे होते, तर मी पातेलं खाली ठेवलं आणि बसले.

बरे झाले ते तुपाने. म्हणजे तुपाशिवाय झाले नसते. एवढं माझ्या चौथीच्या डोक्याला कळतं. त्याच्या पुढचं मी विचार करत नाही, दुसरं काम काढते. सगळे डबे घासले.

रेवती हल्ली नीट जेवत नाही. अर्धी पोळी, की उठली. माझ्याशी बोलते खूप, पूर्वीपेक्षा जास्त, पण माझ्याकडे न बघता.

१३ मार्च, शुक्रवार

रेवतीची भुकटी कपाटातून सलामत निघाली. खडे धरले नाहीत. साहेबांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं. मी म्हटलं आज पुरणपोळी, मग म्हटलं तुझ्या तोंडाला रुची नाही तर साधी पोळी आणि बटाट्याची भाजी. देविकासुद्धा लवकर आली, आंघोळीला गेली. हे बातम्या बघत होते. आम्ही दोघीच टेबलाशी.

ती पेल्यातलं पाणी बोटाने ढवळत म्हणाली, "आता हे औषध कोणी पेजेबरोबर घेतलं ना आजी, तरी लागू पडेल. कुणाच्या घरी काय शिजतं त्यावर अवलंबून नाही."

"चांगलं केलंस," मी म्हटलं. "घरोघरी माझ्यासारख्या असतात."

ती पाणी ढवळत राहिली.

मग मी विचारलं. विचारणार नव्हते, तोंडातून गेलं. "तुझ्या बाबाला कुठलं औषध होतं गं?"

"बाबाला इंजेक्शन होतं," ती लगेच म्हणाली. फार लगेच. "शिरेतून. त्याला जेवणाशी काही देणंघेणं नसतं. तू पेज दे नाहीतर श्रीखंड दे. रक्तातच जातं ना ते थेट."

इंजेक्शन होतं. दवाखान्यात होतं. मग सगळ्या दिल्लीत ते मिळेनासं झालं आणि त्याला घरी पाठवताना बाटली दिली होती. पांढरं औषध, दाट, भुकटी तळाशी बसायची म्हणून हलवून घ्यायचं, चेरीचा वास. जयंता तोंड वाकडं करायचा म्हणून मी आधी चमचा चाटून दाखवायची, बघ, गोड आहे. पेजेआधी एक चमचा. ती बाटली रेवतीने बघितली नसेल, ती पुण्याला होती. पण कागद सगळे तिच्याकडेच आहेत.

ती माझ्या कपाळाकडे बघत होती. डोळ्यांकडे नाही. लहान असताना बरणीतले लाडू खाऊन यायची तेव्हा अशीच बघायची. पोर किती दिवसांपासून हे वाक्य तोंडात धरून बसली होती, कोण जाणे. महिनाभर अर्ध्या पोळीवर.

मी म्हटलं, "हो गं, खरंच. इंजेक्शनच होतं. माझ्या लक्षातून गेलंच होतं."

"बघ," ती म्हणाली. तेव्हा तिने माझ्याकडे नीट बघितलं.

मी डब्यातली पोळी तिच्या ताटात टाकली. तिने ती खाल्ली, आणि मग म्हणाली, "आजी, अजून एक दे."